संघटना-संस्कृती व नोकरीची निवड

संघटना-संस्कृती : एखाद्या उद्योगसंस्थेत, कार्यालयात किंवा कारखान्यात दीर्घकाळ एकत्र काम करणाऱ्या व्यक्तींच्या अंगवळणी पडलेल्या आणि नव्याने येणाऱ्यांच्या हाती नकळत सोपविल्या जाणाऱ्या समजुती, मूल्ये, रूढी व वर्तनसंकेत यांच्या समुच्चयास संघटना-संस्कृती असे म्हणतात. वरिष्ठांशी असलेला मतभेद बोलून दाखवावयाचा की नाही, चूक उघड करावयाची की झाकावयाची, कामाची वेळ संपल्यावर उठून जाणे हा हक्क समजला जातो की आळस, बढती कर्तबगारीवर मिळते की सेवाकालावर, यांसारख्या प्रश्नांची उत्तरे लेखी नियमांत क्वचितच सापडतात. ती संस्कृतीत दडलेली असतात. वेतन, पद व कामाचे स्वरूप या गोष्टी नेमणूकपत्रात नमूद असल्यामुळे उमेदवारास आधीच कळतात. संस्कृती मात्र बहुधा रुजू झाल्यानंतर कळते आणि तोपर्यंत त्याने पूर्वीची नोकरी सोडलेली असते, बिऱ्हाड हलविलेले असते किंवा ठराविक मुदतीपर्यंत सेवा करण्याचे बंधन पतकरलेले असते. म्हणूनच नोकरी स्वीकारण्यापूर्वी संस्थेच्या संस्कृतीचा शक्य तेवढा अभ्यास करणे, हा नोकरी-निवडीचा एक आवश्यक भाग मानला जातो.

संकल्पनेचा विकास : कारखान्यातील कामगार केवळ वेतन व नियम यांनुसार वागत नाहीत, ही गोष्ट शिकागोजवळील वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात झालेल्या प्रयोगांतून ठळकपणे पुढे आली. यांपैकी अखेरच्या टप्प्यात तारजोडणीचे काम करणाऱ्या १४ कामगारांच्या एका गटाचे निरीक्षण करण्यात आले. अधिक उत्पादनाबरोबर मोबदला वाढत असूनही एका दिवसाचे रास्त काम किती, याचे माप या गटाने स्वतःच ठरविले होते व त्याहून अधिक काम करणाऱ्यास सहकाऱ्यांची टवाळी, प्रसंगी दंडावर ठोसाही, सहन करावा लागे. व्यवस्थापनाने लिहिलेले नियम आणि कामगारांनी प्रत्यक्षात पाळलेले नियम ही दोन भिन्न प्रकरणे असतात, हा या निरीक्षणाचा मथितार्थ होय.

‘संस्कृती’ ही मानवशास्त्रातील संज्ञा कारखान्यास लावून सविस्तर अभ्यास करण्याचे श्रेय एलिअट जॅक्स यांस दिले जाते. लंडनच्या ग्लेशियर मेटल कंपनीविषयीचा त्यांचा ग्रंथ १९५१ मध्ये प्रसिद्ध झाला. १९७९ मध्ये अँड्रू पेटिग्रू यांनी संघटना-संस्कृतीच्या अभ्यासपद्धतीसंबंधी लेख लिहिला. पुढील काही वर्षांत जपानी उद्योगांच्या यशाने पाश्चात्त्य व्यवस्थापकांचे लक्ष या विषयाकडे वेधले व १९८२ मध्ये डील व केनेडी, तसेच पीटर्स व वॉटरमन यांच्या लोकप्रिय ग्रंथांमुळे ही संज्ञा सर्वतोमुखी झाली. गेर्ट हॉफस्टेड यांनी आयबीएम या बहुराष्ट्रीय कंपनीच्या विविध देशांतील कर्मचाऱ्यांकडून १९६७–७३ या काळात मिळविलेल्या एक लाखाहून अधिक प्रश्नावलींच्या आधारे, एकाच कंपनीतही देशपरत्वे वरिष्ठ-कनिष्ठ संबंधांच्या कल्पना भिन्न असतात, असे दाखवून दिले (१९८०).

संस्कृतीचे थर : एडगर शाइन (१९२८–२०२३) यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात संघटना-संस्कृतीचे तीन थर मानले आहेत. सर्वांत वरचा थर दृश्य गोष्टींचा : इमारत, बैठकव्यवस्था, पोशाख, एकमेकांना संबोधण्याची रीत, समारंभ. मधला थर उद्‌घोषित मूल्यांचा : संस्था आपल्याविषयी जे सांगते, लिहिते व भिंतीवर लावते ते. सर्वांत खालचा थर मूलभूत गृहीतांचा. ती इतकी अंगवळणी पडलेली असतात की, संस्थेतील लोकांना ती सांगता येत नाहीत. कारण त्यांहून वेगळे काही असू शकते, हेच त्यांच्या ध्यानात येत नाही. वरचे दोन थर सहज दिसतात. परंतु कर्मचाऱ्याचे दैनंदिन जीवन तिसऱ्या थरावर अवलंबून असते.

शाइन यांनी दिलेली दोन उदाहरणे उद्‌बोधक आहेत. अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या संगणक कंपनीत मोकळी दालने, अनौपचारिक पोशाख व बैठकींत चढ्या आवाजात चाललेले वाद असे दृश्य असे. कल्पना कितीही हुशार माणसाची असली, तरी ती वादात टिकल्यावाचून खरी मानावयाची नाही, हे त्यामागील गृहीत होते. स्वित्झर्लंडमधील सीबा-गायगी या रसायने व औषधे बनविणाऱ्या कंपनीत याउलट बंद दारे, शांतता व पदानुसार आदर दिसे. तेथे शाइन यांनी इतर विभागांस पाठविण्याकरिता दिलेली टिपणे पुढे जातच नसत. कारण न मागता माहिती पाठविणे म्हणजे समोरच्या अधिकाऱ्यास त्याचे काम कळत नाही असे सुचविणे, अशी तेथील समजूत होती. या दोहोंपैकी एक संस्कृती चांगली व दुसरी वाईट असे म्हणता येत नाही. तथापि, पहिलीत रमणारा मनुष्य दुसरीत उद्धट ठरेल आणि दुसरीत वाढलेला पहिलीत मुका ठरेल, हे उघड आहे.

प्रकार : रॉजर हॅरिसन यांनी १९७२ मध्ये मांडलेले व चार्ल्स हँडी यांनी प्रसृत केलेले वर्गीकरण उमेदवारास उपयुक्त ठरते. सत्ताकेंद्री संस्कृतीत सर्व निर्णय एका व्यक्तीभोवती किंवा कुटुंबाभोवती फिरतात; निर्णय झटपट होतात, परंतु मर्जीस महत्त्व येते. भूमिकाकेंद्री संस्कृतीत प्रत्येक पदाची कामे व अधिकार आखून दिलेले असतात. सरकारी कार्यालये, बँका व विमासंस्था यांत ती विशेषत्वाने आढळते. तीत सुरक्षितता असते, पण उपक्रमशीलतेस वाव कमी असतो. कार्यकेंद्री संस्कृतीत हाती घेतलेल्या प्रकल्पानुसार गट बनतात व मोडतात. व्यक्तिकेंद्री संस्कृतीत संस्था ही सभासदांच्या सोयीकरिता असते. काही वकील किंवा वास्तुशिल्पी यांच्या भागीदारी संस्था या प्रकारात येतात. प्रत्यक्षातील बहुतेक संस्था मिश्र स्वरूपाच्या असतात आणि एकाच कंपनीचे विक्री खाते, कारखाना व संशोधनशाळा यांच्या उपसंस्कृती परस्परांहून बऱ्याच वेगळ्या असू शकतात.

व्यक्ती व संस्था यांची अनुरूपता : बेंजामिन श्नायडर यांच्या १९८७ मधील उपपत्तीनुसार संस्थेकडे विशिष्ट स्वभावाचे लोक आकर्षिले जातात, संस्था आपल्यासारख्यांचीच निवड करते व न जुळणारे कालांतराने निघून जातात; परिणामी संस्था उत्तरोत्तर एकजिनसी होत जाते. ओरायली, चॅटमन व कॉल्डवेल यांनी १९९१ मध्ये अनुरूपता मोजण्याकरिता ५४ मूल्यवाचक विधानांची एक पद्धती सिद्ध केली. कर्मचारी ही विधाने आपल्याला सर्वाधिक हवीशी वाटणाऱ्यापासून सर्वांत नकोशी वाटणाऱ्यापर्यंत नऊ गटांत लावतो. संस्थेची जाण असलेल्या व्यक्ती तीच विधाने संस्थेचे वर्णन म्हणून लावतात व दोहोंची तुलना केली जाते. हिशेबतपासनीसांच्या संस्थांत नव्याने लागलेल्यांची अनुरूपता जितकी अधिक, तितके त्यांचे समाधान व बांधिलकी अधिक, आणि नोकरी सोडण्याचे प्रमाण कमी आढळले. २००५ मध्ये क्रिस्टॉफ-ब्राउन व सहकाऱ्यांनी अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. त्यात संस्थेशी असलेल्या अनुरूपतेचा समाधान व बांधिलकी यांच्याशी निकटचा संबंध दिसून आला; कार्यक्षमतेशी मात्र तो क्षीण होता. म्हणजेच संस्कृती न जुळणारा मनुष्य कामात कमी पडतोच असे नाही. तो बहुधा काम नीट करीत राहतो व आतून खंतावतो.

अनुरूपता दोन प्रकारची असते. संस्थेसारखीच मूल्ये व्यक्तीपाशी असणे ही सादृश्यमूलक अनुरूपता. संस्थेत जे उणे आहे ते व्यक्तीने भरून काढणे, किंवा व्यक्तीची गरज संस्थेने भागविणे ही पूरक अनुरूपता. नोकरी शोधताना केवळ पहिलीचाच विचार करण्याकडे कल असतो. वस्तुतः दुसरीही तितकीच महत्त्वाची आहे.

अभ्यासाची साधने : (१) आत्मपरीक्षण : संस्थेचा शोध घेण्यापूर्वी स्वतःचा घ्यावा लागतो. पूर्वीच्या कामात, शिक्षणसंस्थेत किंवा सार्वजनिक कार्यात आपणास उत्साह केव्हा वाटला व गुदमरल्यासारखे केव्हा झाले, अशा प्रसंगांची नोंद करून त्यांतून तीन-चार अपरिहार्य गोष्टी निश्चित कराव्यात. स्वायत्तता, स्थैर्य, शिकण्याची संधी, घरी परतण्याची ठराविक वेळ या सर्व गोष्टी एकाच ठिकाणी क्वचित मिळतात. म्हणून त्यांचा अग्रक्रम लावणे आवश्यक असते.

(२) कागदपत्रे : भारतातील सार्वजनिक कंपन्यांचे वार्षिक अहवाल हे फारसे न वापरले जाणारे परंतु मोलाचे साधन आहे. २०१३ च्या कंपनी अधिनियमानुसार भाग बाजारात सूचिबद्ध असलेल्या कंपनीस प्रत्येक संचालकाच्या वेतनाचे कर्मचाऱ्यांच्या मध्यक वेतनाशी असलेले गुणोत्तर संचालकांच्या अहवालात द्यावे लागते. सेबी या नियामक मंडळाच्या नियमांनुसार बाजारमूल्याने पहिल्या १,००० सूचिबद्ध कंपन्यांना २०२२-२३ या वर्षापासून व्यवसायाची जबाबदारी व शाश्वतता यांविषयीचा अहवाल देणे बंधनकारक झाले. त्यात कायम व इतर कर्मचाऱ्यांची संख्या, स्त्रियांचे प्रमाण, नोकरी सोडून जाणाऱ्यांचे स्त्री-पुरुषवार प्रमाण, अपत्यजन्मानंतरच्या रजेवरून परतलेल्यांपैकी किती टिकून राहिले, तसेच तक्रारी व अपघात यांचे आकडे असतात. एका वर्षाच्या आकड्यावरून अनुमान न काढता तीन वर्षांचे आकडे व त्याच व्यवसायातील दुसऱ्या कंपनीचे आकडे शेजारी ठेवून पाहावे. लहान व खाजगी संस्थांबाबत मात्र हे साधन अपुरे पडते. कर्मचाऱ्यांचे अभिप्राय छापणारी संकेतस्थळे उपयोगी असली, तरी अतिशय संतुष्ट व अतिशय रुष्ट असे लोकच तेथे अधिक लिहितात आणि काही अभिप्राय संस्थेच्या सूचनेवरून लिहिलेले असू शकतात. सबब एकट्या मतास महत्त्व न देता वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या विभागांतून पुनःपुन्हा येणारी तक्रार तेवढी विचारात घ्यावी.

(३) प्रत्यक्ष निरीक्षण : मुलाखतीस गेलेल्या उमेदवाराची परीक्षा होत असते, तशीच त्यालाही संस्थेची परीक्षा घेता येते. मुलाखत ठरल्या वेळी सुरू झाली की नाही, उशीर झाल्यास कोणी दिलगिरी व्यक्त केली का, चहा आणणाऱ्या शिपायाशी व पहारेकऱ्याशी अधिकारी कसे बोलतात, वरिष्ठ आल्यावर दालनातील संभाषण थांबते का, भोजनगृहात अधिकारी व कामगार यांची पंगत एक की वेगळी, सायंकाळी कार्यालय सुटण्याच्या वेळी किती लोक जागेवरून उठतात, या गोष्टी बरेच काही सांगून जातात. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत लैंगिक छळाच्या तक्रारींकरिता अंतर्गत समिती नेमणे व तिच्या नेमणुकीचा आदेश ठळक जागी लावणे २०१३ च्या अधिनियमाने आवश्यक केले आहे. तो फलक लावलेला आहे का व त्यावरील नावे चालू आहेत का, एवढे पाहिले तरी संस्था कायदा किती गांभीर्याने घेते, याचा अंदाज येतो. मुलाखत दूरदृश्य पद्धतीने झाल्यास, नेमणूक स्वीकारण्यापूर्वी कामाची जागा पाहण्याची परवानगी मागावी.

(४) मुलाखतीतील प्रश्न : ‘येथील वातावरण कसे आहे ?’ या प्रश्नास ‘चांगले आहे’ याहून निराळे उत्तर सहसा मिळत नाही. मताऐवजी घडलेला प्रसंग विचारणे हा यावरील उपाय होय. उदा., या पदावर पूर्वी कोण होते व ते का गेले. गेल्या वर्षी या गटात झालेली मोठी चूक कोणती व त्यानंतर काय घडले. कनिष्ठाच्या सूचनेवरून बदललेला एखादा निर्णय कोणता. अखेरची बढती कोणास व कशासाठी मिळाली. जोआन मार्टिन व सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये दाखवून दिले की, भिन्नभिन्न संस्थांत सांगितल्या जाणाऱ्या कथा ठराविक प्रश्नांभोवती गुंफलेल्या असतात : वरिष्ठ स्वतः नियम पाळतो का, सामान्य कर्मचारी वर चढू शकतो का, चूक केल्यास काय होते, अडचणीच्या काळी माणसे काढून टाकली जातात का. प्रत्येक संस्थेस आपली कथा एकमेव वाटते. तिचा शेवट कसा होतो, एवढेच उमेदवाराने लक्षपूर्वक ऐकावे. हाच प्रश्न दोन-तीन वेगवेगळ्या व्यक्तींना विचारल्यास उत्तरांतील तफावत विशेष बोलकी ठरते.

(५) आजी व माजी कर्मचारी : त्याच महाविद्यालयातून पूर्वी तेथे गेलेले विद्यार्थी, संस्था सोडलेले कर्मचारी, कामगार संघटनेचे कार्यकर्ते, तसेच माल पुरविणारे व्यापारी यांच्याशी बोलणे हे सर्वांत फलदायी साधन ठरते. पुरवठादारांची देणी वेळेवर चुकती न करणारी संस्था वेतनाबाबतही निष्काळजी असण्याचा संभव असतो. संस्था सोडलेल्या व्यक्तीस ‘पुन्हा बोलावले तर जाल का ?’ हा प्रश्न विचारावा. उत्तराआधीचा विराम हाही माहितीचाच भाग असतो. ज्याच्या हाताखाली काम करावयाचे त्या पर्यवेक्षकाविषयी स्वतंत्र चौकशी करावी. कारण कर्मचाऱ्याचा रोजचा संबंध संस्थेपेक्षा त्याच्याशीच अधिक येतो.

संस्थेने स्वतःहून कामाच्या कष्टप्रद बाजूही उमेदवारास दाखवाव्यात, या पद्धतीस वास्तवदर्शी पूर्वपरिचय म्हणता येईल. जॉन वॅनस यांनी १९७३ मध्ये दूरध्वनी चालक स्त्रियांबाबत केलेल्या प्रयोगात असा परिचय मिळालेल्यांच्या अपेक्षा अधिक वास्तव असल्याचे आढळले. जी संस्था मुलाखतीत आपल्या उणिवाही सांगते ती या दृष्टीने अधिक विश्वासार्ह समजावी.

उद्‌घोषणा व आचरण यांतील तफावत : अमेरिकेतील एन्‍रॉन कंपनीचे उदाहरण या संदर्भात नेहमी दिले जाते. आदर, सचोटी, संवाद व उत्कृष्टता ही तिने जाहीर केलेली मूल्ये होती आणि २००० मध्ये तिने कर्मचाऱ्यांना वाटलेली नीतिसंहिता ६४ पृष्ठांची होती. त्याच वेळी, कर्मचाऱ्यांची परस्परांशी तुलना करून क्रम लावणे व तळाच्या गटास बाहेरचा रस्ता दाखविणे, ही तिची मूल्यमापनाची पद्धत होती. हिशेबांतील गैरप्रकार उघडकीस येऊन डिसेंबर २००१ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. हजारो कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या व निवृत्तीसाठी कंपनीच्या भागांत गुंतविलेली पुंजी मातीमोल झाली. रत्नागिरी जिल्ह्याच्या गुहागर तालुक्यातील दाभोळ वीजप्रकल्पामुळे या कंपनीचे नाव महाराष्ट्रासही परिचित आहे. नीतिसंहिता वाचून जे कळले नसते ते ‘बढती कोणास मिळते व कोणास काढले जाते ?’ या एका प्रश्नावरून काही अंशी कळू शकले असते. संस्था कशास बक्षीस देते व कशास शिक्षा करते, हाच तिच्या मूल्यांचा खरा निकष होय.

भारतीय संदर्भ : भारतातील काही उद्योगांनी आपली संस्कृती हेतुपूर्वक घडविली. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० मध्ये तत्कालीन औंध संस्थानात वसविलेल्या किर्लोस्करवाडीत कारखान्याबरोबरच कामगारांची वसाहतही उभी राहिली व १९२० मध्ये तेथे सुरू झालेल्या किर्लोस्कर खबर या पत्रातून पुढे किर्लोस्कर मासिक विकसित झाले. जमशेटपूर येथील टाटा पोलाद कारखान्याने १९१२ मध्ये, म्हणजे कायद्याने तसे बंधन येण्याच्या कितीतरी आधी, आठ तासांचा कामाचा दिवस अंमलात आणला. ए. के. राइस यांनी १९५३ पासून अहमदाबादच्या कॅलिको गिरणीत केलेल्या प्रयोगांत मागावरील कामाची वाटणी स्वतः ठरविणारे छोटे गट बनविण्यात आले. उदय पारीख यांनी भारतीय संस्थांच्या अभ्यासाकरिता मोकळेपणा, प्रश्नांना सामोरे जाणे, विश्वास, सच्चेपणा, पुढाकार, स्वायत्तता, सहकार्य व प्रयोगशीलता या आठ मूल्यांवर आधारलेली प्रश्नावली तयार केली. ती आजही वापरली जाते. उमेदवारासही चौकशीचा आराखडा म्हणून ही आठ मूल्ये हाताशी ठेवता येतात.

मर्यादा व धोके : अनुरूपतेच्या कल्पनेचा दुरुपयोगही होतो. लॉरेन रिव्हेरा यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतील अभ्यासात, प्रतिष्ठित व्यावसायिक संस्थांचे निवडकर्ते आपल्यासारखेच छंद, अनुभव व राहणी असलेल्या उमेदवारांस झुकते माप देतात, असे दिसून आले. भारतात या प्रश्नास जातीचे परिमाण आहे. सुखदेव थोरात व पॉल अटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सारखीच पात्रता असूनही दलित व मुस्लिम नावांच्या अर्जदारांना खाजगी कंपन्यांकडून बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय हिंदू नावांच्या अर्जदारांहून कमी आढळली. सुरिंदर जोधका व कॅथरिन न्यूमन यांनी घेतलेल्या व त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या मुलाखतींत, गुणवत्तेचा पुरस्कार करणारे अधिकारी उमेदवाराची ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’ मात्र आवर्जून विचारतात, असे आढळून आले. ‘आमच्या संस्कृतीत बसणारा’ या शब्दप्रयोगाचा अर्थ ‘आमच्यापैकी एक’ असा होऊ लागला, म्हणजे अनुरूपता हे भेदभावाचे सभ्य नाव ठरते. सबब वरिष्ठ पदांवर कोणकोणत्या समाजांतील व प्रदेशांतील लोक आहेत, स्त्रिया किती आहेत व त्या किती काळ टिकल्या आहेत, हे पाहणे उमेदवाराच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाचे आहे. वडिलांचा व्यवसाय व कुटुंबाचा पूर्वेतिहास यांविषयीच मुलाखतीत अधिक प्रश्न विचारले गेल्यास, तीही त्या संस्थेच्या संस्कृतीची माहितीच समजावी.

बाहेरून केलेला अभ्यास कधीच पूर्ण नसतो. संस्थेच्या खालच्या थरातील गृहीते आत राहूनच उलगडतात आणि मालकी किंवा नेतृत्व बदलताच संस्कृतीही बदलू शकते. वर उल्लेखिलेल्या दोन कंपन्यांपैकी सीबा-गायगी १९९६ मध्ये सँडोझशी एकत्रित होऊन नोव्हार्टिस या नव्या कंपनीत विलीन झाली, तर डिजिटल इक्विपमेंट १९९८ मध्ये कॉम्पॅक कंपनीच्या ताब्यात गेली. शिवाय निवडीचे स्वातंत्र्य सर्वांना सारखे नसते. घरची निकड असलेल्या व्यक्तीस मिळेल ती नोकरी पतकरावी लागते. अशा वेळीही पूर्वाभ्यास व्यर्थ जात नाही : कशास तोंड द्यावे लागणार आहे, कोणत्या गोष्टी आधी लेखी मागून घ्याव्यात आणि किती काळ थांबावे, हे त्यामुळे ठरविता येते. परिवीक्षा काळ हा या दृष्टीने दुहेरी असतो. त्या काळात संस्था कर्मचाऱ्याची पारख करते, तशी कर्मचाऱ्यानेही संस्थेची करावयाची असते.